तेलकट कागद

बुधवारच्या बाजारात, मिरच्यांच्या ढिगांपलीकडे,
जिथे कोंबड्या पाय बांधून मांडलेल्या असत,
तिथल्या निंबाखाली माझे वडील उभे राहायचे.
शांतवन मास्तर हिवराळे. पांढरी टोपी,
सायकलच्या कॅरिअरला बांधलेली कापडी पिशवी,
पिशवीत गुलाबी पत्रकं.
आवाज बारीक. भोंगा परवडायचा नाही.
माझं काम डफ वाजवायचं,
लोक जमले की थांबायचं.
लोक डफाला जमायचे.
डफ थांबला की पांगायचे.

पत्रकं मात्र सगळे घ्यायचे. फुकटचा कागद.
दिवेलागणीला बाजार उठताना
मला ती पुन्हा दिसायची :
उकंडाच्या गाड्यावर भज्यांखाली,
तंबाखूच्या पुडीला,
एक तर कुणाच्या तान्ह्याच्या ढुंगणाशी.
मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला.
दादा सायकल हातात धरून चालायचे, म्हणायचे,
"गेलं ना पण घरोघर?"
आणि पैनगंगेच्या पुलावर थांबून
उरलेली मोजायचे.
मोजून झाली की पुन्हा मोजायचे.

त्या पुलावरच मी ठरवलं,
हे आपल्याच्यानं व्हायचं नाही.

पुढे वीज मंडळात लागलो. मीटर वाचतो.
एकतीस वर्षं.
दादांनी पाहिली नसतील इतकी दारं पाहिली,
वळकट्या, देव्हारे, आजारी माणसांच्या खाटा,
आणि प्रत्येक दारात फक्त आकडा सांगितला.
रविवारी पाळक विचारतात,
या आठवड्यात कुणी कुणाला सांगितलं?
चार हात वर होतात, नेहमीचेच चार.
मी पंख्याकडे बघतो.
आता दिवसही तसे नाहीत, मी बायकोला म्हणतो.
ती म्हणते, तेव्हा तरी कुठे होते?

तुरी सोंगायचे दिवस. थंडी.
उकंडाच्या टपरीत मीटर काढायला गेलो.
आकडा लिहून घेतला, निघालो,
तर झाऱ्यावरचं तेल निथळत तो म्हणाला,
"मास्तरच्या पोरा, एक इचारू?
तुहा बाप कागद वाटे ना, त्यातला म्या एक वाचला होता.
एक पोट्टं बापाचा हिस्सा घेऊन जाते,
सारं उडवते, उपाशी मरते,
मंग घराकडं निघते.
पुढचं तेलानं गेलं रे.
मागची अक्षरं पुढं आली, पुढची मागं,
काई लागेच ना."
भजी उलटली त्यानं. माझ्याकडे न बघता :
"मंग... घेतलं का बापानं घरात त्याले?"

सत्तेचाळीस वर्षं हा माणूस
तिथेच थांबला होता, अर्ध्या वाटेवर, त्या पोरासोबत.
आणि दिलप्याला त्यानं ज्या रात्री हाकललं
ते साऱ्या गल्लीनं ऐकलं होतं. मीही.
खिडकी लावून घेतली होती मी.

बाकावर दोन पोरं मोबाइलात होती.
मी दाराकडे पाहिलं. घसा कोरडा.
"घेतलं," म्हणालो.
आवाज बारीक निघाला. दादांचा.

"नुसतंच घेतलं? का बोलला काई?"

मी स्टूल ओढलं.
सांगायला लागलो तर मला नीट येईना.
बाप धावत गेला हे सांगितलं,
"म्हाताऱ्या मानसानं?" त्यानं विचारलं, "रस्त्यानं? लोकाईसमोर?"
हो म्हटलं, लोकांसमोर.
मोठा भाऊ मधेच विसरलो, तो शेवटी आठवला,
मग सगळं पुन्हा मागून घ्यावं लागलं.
चपला होत्या, अंगठी होती, जेवण होतं.
कशाच्या आधी काय, ते चुकलं असेल.

घाणा जळाला.
त्यानं तो कुत्र्यापुढे टाकला,
नवा काढला, मला प्लेटभर दिला,
पैसे घेतले.
दिलप्याचं नाव ना त्यानं काढलं ना मी.

कागद वर्तमानपत्राचा होता.
तरी मी तो उजेडात धरून
दोन्ही बाजूंनी पाहिला.